आपल्याच माणसाला 'बस' म्हणताना

(मानवत येथे तरुण कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला सांगितलं होतं की 'तरुण आणि राजकारण' यावर बोला. एवढा मोठा विषय अर्ध्या तासात मावत नाही. म्हणून त्यातला एकच प्रश्न घेतो. तुम्ही ज्या पक्षाचा गमछा गळ्यात घालता, ज्याच्यासाठी उन्हातान्हात मतदार यादी घेऊन गल्लोगल्ली फिरता, त्याच पक्षाचा एखादा माणूस स्टेजवरून असं काही बोलतो की तुमच्या पोटात गोळा येतो. आजूबाजूला टाळ्या, शिट्ट्या, नारे चालू असतात. अशा वेळी तुम्ही काय करता?

माझी ओळख थोडक्यात. मी इथलाच. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, महिन्यातून एकदा-दोनदा गावी येतो. गेली नऊ वर्षं एका पक्षाचा सदस्य आहे. निवडणुकीत बूथचं काम करतो, यादीतली चुकलेली नावं दुरुस्त करून देतो. पक्षाचं नाव सांगणार नाही. समोर चार-पाच पक्षांची पोरं बसलेली दिसतायत, आणि हा त्रास त्या सगळ्या पक्षांत आहे.

सुरुवात आपल्या घरापासून जरा लांबच्या उदाहरणाने करू, म्हणजे ऐकायला सोपं जाईल. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेचा प्रचार चालू होता. योगी आदित्यनाथ यांची 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा महाराष्ट्रात आली. तेव्हा भाजपच्याच दोन मराठवाडी नेत्यांनी जाहीरपणे वेगळा सूर लावला. बीडच्या पंकजा मुंडे म्हणाल्या की माझं राजकारण वेगळं आहे, केवळ मी त्या पक्षाची आहे म्हणून या घोषणेला पाठिंबा देणार नाही. नांदेडचे अशोक चव्हाण म्हणाले की ही घोषणा गैरलागू आहे, अभिरुचीला धरून नाही. मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे हे सगळं ऐन प्रचारात बोललं गेलं. त्यावर त्यांच्याच पक्षातून उत्तर आलं की यांना घोषणेचा अर्थच नीट समजलेला नाही.

ती बातमी आली त्या दिवशी आपल्या मोबाइलवर काय चाललं होतं ते आठवा. स्क्रीनशॉट फिरत होते. 'बघा, त्यांच्यातही समजूतदार माणसं आहेत' असं लिहून आपण पुढे पाठवत होतो. हिंमत दाखवली म्हणून कौतुक चाललं होतं. बरोबरच होतं ते. राजकीय गणित त्यांच्याही मनात असेल, मला त्यात जायचं नाही. पण आपल्याच मंचावरच्या घोषणेला 'मला हे पटत नाही' म्हणणं सोपं नसतं.

आता आरसा आपल्याकडे फिरवू. फेब्रुवारी २०२० मध्ये, सीएए-एनआरसीच्या विरोधात देशभर आंदोलन चालू असताना, एमआयएमचे भायखळ्याचे माजी आमदार वारिस पठाण यांनी कलबुर्गीच्या सभेत पंधरा कोटी आणि शंभर कोटी असा हिशेब मांडला. ते आंदोलन कशावर उभं होतं? संविधानाच्या प्रास्ताविकेवर. हातात तिरंगा, बाबासाहेबांचा फोटो, सोबत सगळ्या धर्मांची माणसं. शाहीनबागेत बायका थंडीत बसून होत्या. आणि एका वाक्याने सगळी चर्चा 'मुसलमान धमकी देतायत' यावर आली. त्यांच्या पक्षाने काय केलं हेही सांगायला हवं. इम्तियाज जलील तेव्हा खासदार आणि प्रदेशाध्यक्ष होते. त्यांनी जाहीर सांगितलं की पक्षाचा या विधानाला पाठिंबा नाही. असदुद्दीन ओवैसींनी पठाण यांना माध्यमांशी बोलायला मनाई केली. पुढे पठाण यांनी शब्द मागे घेतले.

माझा प्रश्न पठाण यांच्याबद्दल नाही. माझा प्रश्न आपल्याबद्दल आहे. त्या आठवड्यात आपल्यातल्या ज्या पोराने लिहिलं की 'हे चुकीचं बोलले', त्याला आपण काय म्हणालो? पंकजाताईंना जो न्याय लावला तोच लावला का? की 'दलाल', 'सरकारी मुसलमान', 'आरएसएसचा माणूस' म्हणालो? समोरच्या घरातला माणूस आपल्या घरच्यांना टोकतो तेव्हा तो धाडसी, आणि आपल्या घरातला टोकतो तेव्हा तो गद्दार. हा हिशेब जुळत नाही.

मोठा आवाज काय करतो ते या गावच्या माणसांना वेगळं सांगायला नको. आपलं मानवत कापसाचं गाव. जिनिंग, सरकी, मोंढा, आडत यावर जगणारं. पण पुण्यात मी कुणाला सांगितलं की मी मानवतचा, तर पहिला प्रश्न काय येतो? 'ते हत्याकांडवालं मानवत?' १९७२ ते १९७४ या काळातलं प्रकरण. २०२४ मध्ये त्यावर वेब सिरीज आली आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही माहीत झालं. या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसं कष्ट करून जगली, त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. मोजक्या माणसांच्या गुन्ह्याने अख्ख्या गावाला ओळख दिली. समाजाचं, पक्षाचं तसंच होतं. शंभर माणसं शांतपणे काम करतात आणि एक ओरडतो. बाहेरचा माणूस त्या एकाच्या नावाने उरलेल्या शंभरांना ओळखतो.

याचं सर्वांत जुनं आणि सर्वांत महाग उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण शाळेत झेंडावंदनाला जायचो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. रझाकार हा शब्द तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. काहींनी भांडणात शिवी म्हणूनही ऐकलाय, आपल्या तोंडावर मारलेली. पण त्यामागची गोष्ट आपल्या घरात फार कमी सांगितली जाते.

परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ मध्ये स्थापन झाली. १९४६ मध्ये तिची सूत्रं कासिम रझवीच्या हाती आली. हा रझवी लातूरला वकिली करायचा. म्हणजे आपल्याच भागातला माणूस. भाषण जोरदार. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा त्याच्या नावावर नोंदलेली आहे. विचार करा, चारी बाजूंनी भारताने वेढलेलं संस्थान, आणि भाषा लाल किल्ल्याची. सभेला गर्दी व्हायची, नारे व्हायचे. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले, हिंदू गावांवर केले, विरोध करणाऱ्या मुसलमानांवरही केले. तो जुलूम होता, हे आपण आपल्या तोंडाने स्वच्छ म्हटलं पाहिजे.

त्या वेळी 'हे चुकीचं आहे' म्हणणारे मुसलमान नव्हते का? होते. ऑगस्ट १९४८ मध्ये संस्थानातल्या सात प्रतिष्ठित मुसलमानांनी निवेदन काढलं. रझाकारांना आवरा आणि भारतात सामील व्हा, असं त्यात होतं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाने ते छापलं. संपादक होता शोएबुल्ला खान. वय तिशीच्या आतलं, म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याच जणांएवढं. तो रझाकारांच्या विरोधात आधीपासून लिहीत होता, धमक्या येत होत्या. २१ ऑगस्टच्या रात्री तो कार्यालयातून घरी निघाला. वाटेत हल्ला झाला. गोळ्या घातल्या, ज्या हाताने लिहायचा तो हात तोडला. सोबत त्याचा मेव्हणा होता, तोही जबर जखमी झाला. २२ ऑगस्टला शोएबुल्ला गेला.

त्यानंतर महिन्याच्या आत, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा आत आल्या. पाच दिवसांत, १७ तारखेला, सगळं संपलं. लाल किल्ल्याची भाषा पाच दिवस टिकली. आणि मग हिशेब कुणाकडून वसूल झाला? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने फिरून अहवाल दिला. तो कित्येक दशकं जाहीर झाला नाही. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा त्यातला अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले शेजारी, नांदेड आणि उस्मानाबाद, आहेत. मेलेल्यांत बहुतांश साधी माणसं. शेतकरी, विणकर, छोटे दुकानदार. त्यातल्या कितीतरी जणांनी रझवीचं भाषण कधी ऐकलंही नसेल. स्वतः रझवी? तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. ज्याने भाषण केलं त्याला जायला दुसरा देश होता. ज्यांनी किंमत मोजली त्यांना हेच गाव होतं.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवलं, काहींनी स्वतःचा जीव देऊन. अहवाल सांगतो की यात एकच धंदा असण्याचं नातं कामाला आलं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले. रोज सोबत काम करणारा माणूस शेवटी कामाला आला. आपल्या मोंढ्यातला हमाल, आडत्या, बारदानावाला, टेम्पोवाला यांचं आपसातलं नातं हेच आपलं खरं संरक्षण आहे. जो भाषण करून हे नातं तोडतो, तो आपलं घर उघडं पाडतो.

इथे एक खुलासा. आजच्या कुठल्याही पक्षाला रझाकार म्हणायचं असा माझा अर्थ नाही. तो शब्द निवडणुकीत कसा फेकला जातो ते आपण भोगतोय. मजलिस १९५८ मध्ये नव्या घटनेसह, भारतीय संविधान मानून उभी राहिली. मला एवढंच दाखवायचंय की मूठभरांच्या गर्जनेची किंमत पंच्याहत्तर वर्षांनंतरही त्यांच्याशी काही संबंध नसलेली पोरं मोजतात. तुम्ही आणि मी मोजतो.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवातलं थोडं. एका निवडणुकीत आमच्या पक्षाचा एक स्टार प्रचारक शेजारच्या तालुक्यात आला. स्टार प्रचारक म्हणजे काय ते आधी समजून घ्या. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस जण ठेवता येतात, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला वीस. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. तो येतो, बोलतो आणि पुढच्या सभेला निघून जातो. सभेनंतर गावात राहतो तो उमेदवार आणि आपण. त्या दिवशी तो शेजारी समाजाबद्दल एक वाक्य बोलला. ते वाक्य मी इथे पुन्हा उच्चारणार नाही, कारण थोड्या वेळाने सांगतो.

अब्बांचं मोंढ्यात बारदान्याचं दुकान. दुसऱ्या दिवशी वीस वर्षांचं गिऱ्हाईक असलेला एक शेतकरी आला. पोती घेतली, पैसे दिले, आणि जाता जाता मोबाइल काढून विचारलं, 'चाचा, तुमचे साहेब आमच्याबद्दल असं बोलले म्हणे. खरं हाय का?' अब्बा म्हणाले, 'ते माझे साहेब नाहीत, पाटील. माझे साहेब तुम्ही.' पाटील हसले. पण पोती डोक्यावर घेताना हसू मावळलं होतं, असं अब्बांनी मला रात्री फोनवर सांगितलं. पक्षाचा सदस्य मी. उत्तर द्यावं लागलं अब्बांना.

आम्ही काही कार्यकर्ते एकत्र बसलो. अकरा जण होतो. पक्षाला पत्र लिहायचं ठरलं. सही करायची वेळ आली तेव्हा सात उरलो. बाकीच्या चौघांना मी दोष देत नाही. कुणाला तिकीट हवं होतं, कुणाच्या भावाचं काम अडकलेलं होतं. पत्रात तीनच गोष्टी होत्या. हे वाक्य पक्षाच्या घटनेत आणि जाहीरनाम्यात कुठेही बसत नाही. याने आमच्या गावातल्या मतांचं आणि माणसांचं नुकसान झालंय. पक्षाने ते आपलं नाही असं चोवीस तासांत जाहीर करावं.

चोवीस तासांत काहीही झालं नाही. वरून फोन आला, 'निवडणूक चालू आहे, आत्ता हे नको.' आमच्या ग्रुपवर आमची नावं घेऊन शिव्या आल्या. मला तीन महिने एकाही बैठकीचा निरोप आला नाही. पण एक गोष्ट झाली. आमच्या भागातल्या पुढच्या सभेला वक्त्यांची यादी आधी स्थानिक कार्यकर्त्यांना दाखवली गेली. पत्र मिळालं असं कुणी कधी कबूल केलं नाही. यादी मात्र आली. बदल बऱ्याचदा असाच येतो, गुपचूप आणि अपुरा. तरी तो येतो.

पक्ष अशा वेळी कशाने हलतो, हे नीट बघितलं पाहिजे. मे २०२२ मध्ये भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा टीव्हीवर पैगंबर साहेबांबद्दल बोलल्या. देशातले मुसलमान दुखावले, निषेध झाले. निलंबन झालं ५ जूनला, आखाती देशांतून नाराजी सुरू झाल्यावर. पक्षाला किंमत दिसली तेव्हा पक्ष हलला. ही कुठल्या एका पक्षाची खोड नाही. सगळे पक्ष हाच हिशेब करतात. मनातल्या मनात कुढणाऱ्या कार्यकर्त्याची किंमत पक्षाच्या वहीत शून्य असते. टाळ्या मोजल्या जातात, न वाजवलेल्या टाळ्या कुणी मोजत नाही. आपली नाराजी कागदावर, नावासकट, सहीसकट आली तरच ती मोजली जाते.

आणि टाळ्यांचं गणित आता मोबाइल करतो. हा माझ्या धंद्याचा भाग आहे, म्हणून सांगतो. व्हिडिओ तुमच्यासमोर आणणाऱ्या प्रणालीला चांगलं-वाईट कळत नाही. लोक किती वेळ थांबले, किती जणांनी शेअर केलं, किती कमेंट आल्या, एवढंच ती मोजते. तुम्ही रागाने लिहिलेली शिवीसुद्धा तिच्यासाठी एक कमेंटच असते. तुम्ही निषेध करत तो व्हिडिओ पाठवता, तेव्हा तुम्हीही त्याचा प्रचार करता. चाळीस मिनिटांच्या भाषणातली अडतीस मिनिटं रस्ते, पाणी, शिष्यवृत्ती, वक्फच्या जमिनी यावर असतील. फिरतो तो वीस सेकंदांचा तुकडा. वक्त्याला हे कळतं, आणि पुढच्या सभेत तो वीस सेकंदांसाठीच बोलतो. म्हणून मी ते वाक्य इथे उच्चारलं नाही.

आता तुमच्या मनातले आक्षेप. पहिला आक्षेप, 'समोरचे रोज बोलतात, त्यांना कुणी विचारत नाही, आणि तुम्ही आम्हालाच शिकवता.' हा आक्षेप खरा आहे आणि त्यातली वेदनाही खरी आहे. दोन्हीकडची ताकद सारखी नाही. त्यांच्या द्वेषाच्या भाषणामागे सत्ता उभी राहू शकते, आपल्या भाषणामागे हातगाडीसुद्धा उभी नसते. म्हणून त्यांच्या भाषणांविरुद्ध तक्रार करा, जरूर करा. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. अर्ज लिहा, पोच घ्या. पण आपल्या बाजूचा तसंच बोलला तेव्हा आपण गप्प बसलो, तर ठाण्यात तो अर्ज कुठल्या तोंडाने देणार? कायदा दोन्हीकडे लागतो म्हणूनच तो आपल्याही कामाचा आहे.

दुसरा आक्षेप, 'मग काय मवाळ बोलायचं? हात जोडून?' अजिबात नाही. कडक बोलणं आणि टोकाचं बोलणं यात मी एकच फरक करतो. वाक्य सत्तेच्या विरुद्ध आहे की शेजाऱ्याच्या? मंत्र्याला, कलेक्टरला, पोलिसांना, पालिकेला हवं तेवढं कडक विचारा. घर पाडलं तर विचारा, शिष्यवृत्ती अडली तर विचारा, पोराला विनाकारण उचललं तर रस्त्यावर बसा. संविधानाने दिलेला हक्क मागताना आवाज चढला तर चढू द्या. पण वाक्य शेजारच्या गल्लीतल्या माणसाला मोजायला, भिववायला, हिणवायला लागलं, की तिथे ते आपलं उरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. 'घरातलं भांडण बाहेर का न्यायचं? कौमची इज्जत जाते.' याला उत्तर मी माझ्या पदरचं देत नाही. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत हुकूम आहे की न्यायाची साक्ष द्या, ती तुमच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध गेली तरी. आणि भावाला मदत करा, तो जुलूम सोसणारा असो की करणारा, ही हदीस तुम्ही मदरशात, घरात ऐकली असेल. सहाबांनी विचारलं, जुलूम करणाऱ्याला मदत कशी करायची? उत्तर मिळालं की त्याचा हात धरून. आपल्या माणसाला थांबवणं ही त्याची मदत आहे, असं आपल्याला शिकवलं गेलंय. यात गद्दारी कुठून आली?

आणि निव्वळ मतांचा हिशेब हवा असेल तर तोही बघा. २०१९ च्या लोकसभेला औरंगाबादेत इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. तेव्हा त्यांच्या पक्षाची वंचित बहुजन आघाडीशी युती होती. २०२४ च्या विधानसभेला औरंगाबाद पूर्वमधून तेच २,१६१ मतांनी हरले. त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. एकशे बासष्ट! एवढी माणसं आपल्या एका लग्नाच्या पंगतीत जेवतात. इतक्या कमी फरकाच्या राजकारणात दुसऱ्या समाजातला जो माणूस आपल्याकडे यायला तयार होता, तो एका वाक्याने घरी बसला तर नुकसान कुणाचं? टोकाचं भाषण आपल्या लोकांना जोश देतं, मान्य. पण ते दुसरीकडच्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त जोश देतं, हे गणित सभेत कुणी सांगत नाही.

मग करायचं काय? एक, आधी पक्षाच्या आत बोला, पण लेखी बोला. प्रत्येक नोंदणीकृत पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाला द्यावी लागते, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे संविधानावर, धर्मनिरपेक्षतेवर निष्ठा लिहून द्यावी लागते. तुमच्या पक्षाची घटना मागून घ्या, वाचा. त्यातल्या कलमावर बोट ठेवून पत्र लिहा. 'साहेब, मला वाईट वाटलं' यापेक्षा 'साहेब, हे आपल्याच घटनेच्या विरुद्ध आहे' हे टाळायला जड जातं.

दोन, एकटे जाऊ नका. सात सह्या एका सहीपेक्षा खूप जास्त असतात. आणि मैत्रिणींना सोबत घ्या. सभेत पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारे सगळे पुरुष असतात, पण दंगल झाली की घरात बसून रात्र काढणाऱ्या बायका असतात. त्यांची सही पहिली हवी.

तीन, पक्ष बोलला नाही तर तुम्ही तुमच्या नावाने बोला. लोक सांगतात, पक्षात राहून असं बोलता येत नाही. येतं. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदार-खासदारांना लागू आहे, तुमच्या-माझ्यासारख्या साध्या सदस्याला नाही. पक्ष फार तर तुम्हाला काढून टाकेल. शोएबुल्लाने जे मोजलं त्यापुढे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून निघणं ही काय किंमत झाली?

चार, शेजाऱ्याकडे जा. निवेदन फेसबुकवर टाकून काम संपत नाही. ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याच्या दुकानात जा, चहा प्या, सांगा की ते आमचं म्हणणं नाही. दोन मिनिटं अवघड जातात. पुढची वीस वर्षं सोपी जातात.

पाच, पक्ष सोडायची घाई करू नका. त्रास झालेला प्रत्येक जण निघून गेला तर आत फक्त टाळ्या वाजवणारे उरतील, आणि मग वक्त्याला वाटेल की अख्खा समाज माझ्यासोबत आहे. मी अजून माझ्या पक्षात आहे, तो याच कारणाने. पण कधी निघायचं हेही ठरवून ठेवा. माझं ठरलंय. जो बोलला त्यालाच जाणूनबुजून, बोलल्याबद्दल बक्षीस म्हणून, मोठं पद किंवा तिकीट मिळालं, त्या दिवशी मी माझं सदस्यत्वाचं कार्ड परत देईन. ही रेघ मी पक्षाला पत्रात कळवलेली आहे. तुमची रेघ तुम्ही ठरवा, कागदावर लिहा आणि कुणाला तरी दाखवून ठेवा. नाहीतर निवडणुकीच्या गरमागरमीत ती रोज चार बोटं पुढे सरकते.

शेवटी एवढंच. आपण लहान गावातली माणसं. दिल्ली, हैदराबाद, लखनऊ, मुंबईतून कोण काय बोलणार हे आपल्या हातात नाही. आपल्या तालुक्यात माईक कुणाला द्यायचा, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. खुर्च्या आपण मांडतो, गर्दी आपण आणतो, साउंडवाल्याचं बिल आपण भरतो. पुढच्या सभेची तयारी सुरू होईल तेव्हा वक्त्यांच्या नावांची यादी आधी मागा. दिली नाही तर विचारा, का दिली नाही. सुरुवात तिथून करा.

मी बराच वेळ घेतला. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना माझं पटलेलं नाही त्यांनी आधी विचारा.